कोंडीघर

१

अभिनव भोयर वरच्या मजल्यावर गुदमरत होता, तेव्हा खालच्या सभागृहात लोक खळखळून हसत होते.

एरंडवण्यातल्या ‘वळण’ या संस्थेचा तो वार्षिक मेळावा. अडलेल्या डोक्याला वाट कशी काढून द्यायची, नवं कसं सुचवून घ्यायचं, हे शिकवणं हा संस्थेचा व्यवसाय. कंपन्यांचे साहेब, निवृत्त प्राध्यापक, आयटीतली पोरं असा सगळा गोतावळा जमला होता. संस्थेचे संचालक डॉ. सलिल पोंक्षे व्यासपीठावरून बोलत होते आणि त्यांचा हुकमी एक्का अभिनव वर कोंडीघरात बसला होता. कोंडीघर म्हणजे आवाज आतबाहेर न जाणारी, बिनखिडकीची खोली. आत एक कोडं ठेवलेलं असे. ते सोडवलं की एक आकडा हाती लागायचा. तो दारापाशी बोटांनी दाबला की मोटर दार बाजूला ओढून घ्यायची. अभिनव आजवर त्या खोलीत कधी अडकला नव्हता. आज तो कोडं सोडवून थेट व्यासपीठावर येणार आणि टाळ्या घेणार, असा बेत होता.

तो येईना. मग पोंक्षे म्हणाले, “आमचे चिरंजीव वर बहुतेक वामकुक्षी घेताहेत. पुण्याचं पाणी लागलं म्हणायचं!”

लोक हसले. तेवढ्यात जिन्यावरून किंचाळी ऐकू आली.

निरीक्षक नीरजा आठल्ये पोचल्या तेव्हा अभिनव कोंडीघराच्या उंबऱ्यात आडवा पडला होता. ओठ निळे, डोळे उघडे, चष्मा एका कानाला लटकलेला. त्याला दमा होता. त्याचा औषधाचा पंप बाहेरच्या ट्रेमध्ये होता, कारण आत जाताना खिसे रिकामे करायचे हा संस्थेचा नियम. खोलीत मोगऱ्याचा उग्र दर्प कोंदला होता.

टेबलावर काडेपेटी आणि विखुरलेल्या टाचण्या होत्या. टाचण्यांची डबी रिकामी करून भिंतीला टोचली होती आणि त्या डबीत मेणबत्ती उभी होती. मेणबत्ती भिंतीवर लावायची पण मेण खाली सांडू द्यायचं नाही, असं ते कोडं. बहुतेकांना डबी म्हणजे टाचण्या ठेवायची वस्तू एवढंच दिसतं, ती रिकामी करून फळीसारखी वापरता येईल हे डोक्यातच येत नाही. अभिनवने ते सहज सोडवलं होतं. आकडा डबीच्या तळाशी लिहिलेला होता. टाचण्या ओतल्या की दिसणारा.

“म्हणजे आकडा त्याला मिळाला होता,” नीरजा म्हणाल्या.

हवालदार नागोराव कीपॅडपाशी उभे होते. त्यात दाबलेले आकडे साठून राहत. “मॅडम, त्यानं बरोबरच आकडा दाबलाय. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. शेवटपर्यंत तोच.”

मृतदेह हलवल्यावर नीरजांनी दार लावून घेतलं आणि स्वतः तो आकडा दाबला. दार लोण्यातून सुरी जावी तसं बाजूला गेलं.

कुलूप बरोबर, आकडा बरोबर, दार ठणठणीत. मग हा मुलगा बाहेर का आला नाही?

२

“आपण चहा घेणार?” डॉ. पोंक्षे यांनी विचारलं. वर माणूस मेला होता आणि त्यांच्या शर्टाची घडीही मोडली नव्हती.

“नको. तो वेळेवर आला नाही तेव्हा आपण वर का गेला नाहीत?”

“सभागृहात लोक बसले होते, बाई. त्यांना सोडून धावायला मी काय मंगल कार्यालयातला वाढपी आहे?” मग जरा थांबून म्हणाले, “आणि वर कादंबरी गोळे होती. मॉनिटरवर लक्ष ठेवणं तिचं काम. तेवढं एक काम तिला जमतं असा माझा समज होता.”

कादंबरी गोळे संस्थेची संशोधक. पन्नाशीकडे झुकलेली, केस घट्ट बांधलेली बाई. कोंडीघर तिच्याच देखरेखीखाली बांधलं गेलं होतं. बोलताना ती एकेक शब्द निवडून ठेवत होती.

“मी नियंत्रण खोलीत होते. अभिनवने कोडं सोडवलेलं दिसलं, आणि तेवढ्यात स्क्रीन काळी पडली. मला वाटलं, आमची वायर सैल आहे, तीच असेल. मी ती हलवत बसले. बराच वेळ गेला, खालून काही टाळ्या ऐकू येईनात, तेव्हा मी धावले. दार सरकवलं. तो दाराला टेकून बसला होता, माझ्या पायांवर कलंडला. मी किंचाळले.”

“त्याला दमा आहे हे ठाऊक होतं?”

“सगळ्यांनाच होतं.”

“आणि मेणबत्ती सुगंधी होती हे?”

कादंबरीने मान हलवली. “सामान बद्रीनाथ आणतो. तो किराणावाल्याकडून काय उचलेल याचा नेम नाही.”

“डॉक्टर पोंक्षे आपल्याबद्दल फारसं चांगलं बोलत नाहीत.”

“ते कुणाबद्दल बोलतात?” तिने प्रथमच नीरजांच्या नजरेला नजर दिली. “मी त्यांना एकदा म्हटलं होतं की कोडी सोडवायची सवय लागली म्हणजे डोकं मोकळं होतं असं नाही. ज्या वाटेने दहादा यश येतं, ती वाट माणसाला बांधून टाकते. जितका हुशार, तितका घट्ट. सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, कादंबरीबाई, आपण कॉफी उत्तम करता, तेवढ्यावरच लक्ष द्या. सगळे हसले. अभिनवही हसला.”

हे तिने हवामान सांगावं तसं सांगितलं. नीरजांना त्यात काही वावगं वाटलं नाही. अपमान गिळलेली माणसं त्यांनी या शहरात रोज पाहिली होती.

बाहेर येताच नागोराव कानाशी लागले. “मॅडम, बद्रीनाथ खोटं बोलतोय. म्हणतो, इथंच होतो. पण तो इथं नव्हताच. टपरीवाल्यानं सांगितलं.”

३

बद्रीनाथ संस्थेची वीज, पंखे, दारं सांभाळायचा. आधी त्याने आईची शपथ घेतली, मग टपरीवाल्याचं नाव ऐकल्यावर खुर्चीत खचला.

“चहाला गेलो होतो, मॅडम. ओरडणं ऐकून धावत आलो. कादंबरी मॅडम खाली बसल्या होत्या, पोरगा त्यांच्या मांडीवर. दार उघडंच होतं. म्हटलं, करंट बघावा, तर पॅसेजमधल्या बोर्डावर दाराच्या मोटरचा खटका खाली पडलेला. मी गुपचूप वर केला. मी नसताना तो पडला म्हणून माझ्यावर आलं असतं ना.”

“म्हणजे पोरगा आत असताना मोटरला वीज नव्हती.”

“नव्हती. कीपॅडचा खटका वेगळा आहे. तो वरच होता. म्हणून आकडे उमटले.”

“आणि मोटरला वीज नसली की दार?”

“बंद राहणार की. मोटर नाही तर सरकणार कसं?”

नागोरावांनी मान डोलावली. नीरजांनीही. आता चित्र स्वच्छ झालं होतं. कुणीतरी खटका पाडला, दार जाम झालं, आणि सुगंधी मेणबत्तीने बाकीचं केलं.

“मेणबत्ती तू आणलीस?”

“मी साध्या आणतो, मॅडम. पांढऱ्या. कपाटात पुडा आहे अजून. ही वासाची कुठून आली देव जाणे.”

पॅसेजमध्ये त्या वेळी कोण दिसलं होतं, याचं उत्तर तीन जणांनी एकच दिलं. सौमित्र.

सौमित्र केतकर अभिनवच्या आधीचा हुकमी एक्का. अभिनव आल्यावर पोंक्षे यांनी त्याला एका भाषणात ‘आमचं जुनं मॉडेल’ म्हटलं होतं. तेव्हापासून तो संस्थेत येई, पण कुणाशी बोलत नसे.

“फोन चार्जिंगला लावायला गेलो होतो,” तो म्हणाला. “आणि खरं सांगू? वाटत होतं, एकदा तरी त्याला अडकलेला बघावा. एवढंच. डिलीट थोडीच करायचं होतं त्याला!”

“तू त्याला ओळखत होतास. सुवासाचा त्रास होतो हे माहीत होतं?”

“सगळ्यांना दमा माहीत होता. वासाचं त्याने फक्त कादंबरी मॅडमना सांगितलं होतं. त्यांच्या केबिनमध्ये उदबत्ती असायची. एकदा तिथेच त्याला धाप लागली, मी दारातून बघितलं. मॅडमनी उदबत्ती लगेच विझवली, त्याला पाणी दिलं. नंतर कधी लावली नाही.” तो कडवट हसला. “त्या एकट्याच त्याच्याशी नीट वागायच्या.”

नीरजांनी पेन खाली ठेवलं. पण खटका तर कुणीही पाडू शकत होतं. सौमित्र, बद्रीनाथ, कादंबरी, भाषणाआधी स्वतः पोंक्षेसुद्धा. खटका कुणी पाडला याच प्रश्नाभोवती त्या दिवसभर घाण्याच्या बैलासारख्या फिरत राहिल्या, आणि हाती धुरळाही लागला नाही.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या कोंडीघरात स्वतः शिरल्या.

“खटका पाडा,” त्यांनी बद्रीनाथला बजावलं, “आणि नागोराव सांगतील तेव्हाच वर करा. नागोराव, तुम्ही नियंत्रण खोलीत बसा. मी हात वर केला तर धावत या.”

दार बंद झालं. बाहेरचं जग कुणीतरी कापून टाकल्यासारखं गप्प झालं. स्वतःच्या छातीचे ठोके कानात वाजू लागले. भिंतीवर डबी अजून तशीच होती. कीपॅडचा हिरवा उजेड जळत होता.

त्यांनी आकडा दाबला. कीपॅड चिवचिवला. दार ढिम्म.

पुन्हा दाबला. पुन्हा ढिम्म.

आपण पोलीस आहोत, बाहेर आपली माणसं आहेत, दम्याचा विकार नाही, हे सगळं ठाऊक असूनही त्यांच्या तळहाताला घाम सुटला. त्यांनी दारावर मुठी आपटल्या. जाड दाराने आवाज गिळला. त्यांनी आणखी एकदा आकडा दाबला, या खेपेला सावकाश, एकेक आकडा जपून, जणू चूक आपलीच होती. तोही असंच करत असणार. आकडा बरोबर आहे, म्हणजे आपल्या दाबण्यातच काही चुकतंय.

दार कुठे अडतंय हे बघायला त्या गुडघ्यांवर बसल्या, खालच्या खाचेत बोट फिरवलं. काही नाही. उठताना गुडघा दुखला म्हणून त्यांनी दारावर पंजा टेकला आणि जोर दिला.

दार त्यांच्या हाताबरोबर सरकलं.

क्षणभर त्यांना वाटलं, बद्रीनाथने खटका वर केला. पण मोटरचा आवाज नव्हता. त्यांनी एका बोटाने दार आणखी ढकललं. ते मुकाट्याने गेलं. पॅसेजमध्ये बद्रीनाथ बोर्डापाशी तोंड वासून उभा होता. खटका खाली होता.

नीरजा उंबऱ्यातच बसल्या. एरवी मोटर दार धरून ठेवायची. मोटर मेली की धरणारं कुणी उरत नव्हतं. दार जाम झालंच नव्हतं. अभिनव मरेपर्यंत ते उघडं होतं.

५

दार बसवणाऱ्या माणसाने फोनवर एका वाक्यात सांगितलं, “वीज गेली की ते हाताने सरकतंच, मॅडम, आग लागली तर माणूस अडकू नये म्हणून. ताब्यात देताना गोळे मॅडमना करून दाखवलं होतं.”

कादंबरीला त्यांनी तिच्याच केबिनमध्ये गाठलं. सोबत डॉ. पोंक्षे होते. त्यांना नीरजांनी मुद्दाम बोलावलं होतं.

“आपण म्हणालात, मी दार सरकवलं,” नीरजांनी सुरुवात केली. “इथे सगळे म्हणतात, दार उघडलं. कारण ते कुणी सरकवत नाही, मोटर ओढते. आपण सरकवलंत तेव्हा खटका खाली होता, बद्रीनाथ नंतर आला. वीज नसताना ते हाताने सरकतं हे इथे फक्त आपल्याला माहीत होतं.”

“घाबरलेला माणूस काहीही ढकलतो,” कादंबरी शांतपणे म्हणाली.

“खरं आहे. कॅमेरा आणि स्क्रीन कीपॅडच्याच खटक्यावर आहेत. कीपॅड चालू होता, मग स्क्रीन काळी कशी पडली?”

“वायर सैल आहे, हे सांगितलं मी.”

“काल मी आत होते तेव्हा नागोराव सतत त्या स्क्रीनसमोर होते. एकदाही पडली नाही. आणि वासाचं अभिनवने एकट्या आपल्याला सांगितलं होतं.”

“तो कुणाकुणाशी काय बोलला हे आपल्याला कसं कळणार?”

नीरजांनी मनात कबूल केलं की ही बाई कोर्टात टिकेल. त्यांनी टेबलावरची फाईल मिटली आणि पोंक्षे यांच्याकडे वळल्या.

“डॉक्टर, मला यातलं काही कळत नाही. पण समजा, कुणी प्रयोग म्हणून हे केलं असेल. सवय लागलेला हुशार माणूस उघड्या दारातूनही बाहेर पडू शकत नाही, हे दाखवायला. तो प्रयोग फसलाच ना? पोरगा दम्याने बावचळला. बावचळलेल्या माणसाला काय सुचणार? यातून काहीच सिद्ध होत नाही.”

“अर्थात!” पोंक्षे उत्साहाने म्हणाले. “हा निव्वळ पोरकटपणा झाला. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही असा भोंगळ प्रयोग करणार नाही.”

कादंबरीच्या मानेची शीर ताठ झाली.

“घाबरून त्याने वेड्यासारखे आकडे दाबले, संपलं,” नीरजा म्हणाल्या. “विचार केलाच नाही त्याने.”

“चूक,” कादंबरी म्हणाली.

नीरजा तिच्याकडे वळल्या.

“साफ चूक. सुरुवातीला त्याला काहीही होत नव्हतं. मेणबत्ती नुकती पेटली होती. त्याने शांतपणे आकडा दाबला, दोन पावलं मागे सरून उभा राहिला, नेहमीसारखा. मग दाराला हात लावला. आणि दार हललं! बोटभर फट पडली. बाहेरचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर आला.” तिचा आवाज कापत होता, पण भीतीने नव्हे. “त्याने फटीकडे बघितलं. आणि काय केलं माहीत आहे? त्याला वाटलं दार नीट बसलेलं नाही, म्हणून आकडा लागत नाही. त्याने दोन्ही हातांनी ते पुन्हा घट्ट लावून घेतलं. काळजीपूर्वक. आणि मग आकडा दाबला.”

पोंक्षे यांचं तोंड किंचित उघडं राहिलं.

“काळ्या स्क्रीनवर आपल्याला बरंच दिसलं,” नीरजा हळूच म्हणाल्या.

कादंबरीने ते नाकारलं नाही. आपण काय बोलून बसलो हे तिच्या ध्यानात आलं होतं, पण त्याहून मोठी गोष्ट तिच्या ओठावर होती. “मी त्याला मारायला गेले नव्हते. थोडी धाप लागावी, घाई व्हावी, एवढ्यासाठी तो वास. सगळ्यांसमोर दाखवणार होते, हा बघा यांचा वाघ, उघड्या पिंजऱ्यात. मी उठणारच होते.”

“मग उठला का नाहीत?”

“त्याने फट बंद केली ना,” ती म्हणाली. “त्यानंतर मला उठवेना. तो पुढे काय करतो ते बघायचं होतं. इतकं स्वच्छ मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.” तिने खण उघडून एक पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. “सगळं आहे यात. पुसायला गेले होते. नाही पुसवलं.”

नागोरावांनी तिला नेलं. जाताना ती पोंक्षे यांच्याजवळ थांबली आणि म्हणाली, “आता हसा.”

पोंक्षे हसले नाहीत. ती दिसेनाशी झाल्यावर त्यांनी घसा खाकरला. “निरीक्षक बाई, त्या चित्रणाची एक प्रत मिळू शकेल का? खटला संपल्यावर, अर्थात. नाव-गाव झाकून. विषयाच्या दृष्टीने फार दुर्मीळ आहे हो ते.”

नीरजांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुढचं वाक्य गिळलं. पण प्रश्न मागे घेतला नाही.

६

सुशीलाबाई भोयर यवतमाळहून लेकाबरोबर आल्या होत्या. धायरीत दोन खोल्यांत दोघं राहत. त्या चौकीत आल्या तेव्हा नीरजांनी उत्तर तयार ठेवलं होतं. दार बंद होतं, तुमच्या मुलाच्या हातात काही नव्हतं. असं सांगायचं. आईला कशाला आयुष्यभराची टोचणी.

सुशीलाबाईंनी लेकाचा चष्मा, पंप आणि पाकीट पदराच्या टोकात बांधलं. गाठ दोनदा तपासली. मग विचारलं, “म्याडम, पेपरात आलं हाय, दार उघडंच होतं म्हणून. खरं हाय का जी?”

नीरजांनी तयार ठेवलेलं उत्तर ओठांशी आणलं. पण कोर्टात ते चित्रण लागणार होतं, आणि ही बाई तिथे पुढच्या बाकावर बसलेली असणार होती.

“हो,” त्या म्हणाल्या. “उघडं होतं.”

सुशीलाबाईंनी पदराची गाठ पुन्हा चाचपली. रडल्या नाहीत.

“त्याले कोनी सांगतलं नसंन, ऊठ म्हणून,” त्या म्हणाल्या. “लहानपनापासून तसाच. लोकं म्हणत, केवढा हुशार पोट्टा. पन शाळंत मास्तर वर्गाबाहेर उभा करून इसरून गेला, तर शाळा सुटली तरी हा थितंच उभा. मी घ्याले गेली तवा घरी आला. मी म्हटलं, येडा हायस का रे? तर म्हने, सर आत ये म्हनलेच नाई.”

सुशीलाबाईंनी मान वर केली.

“ते बाई पाह्यत होती म्हंतात?”

“हो.”

“सगळा येळ?”

“सगळा वेळ.”

सुशीलाबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. “तिले त्याचं नाव त मालूम होतं नं जी?”

“होतं.”

“मंग एक हाक मारली असती,” त्या म्हणाल्या. “हाकंले लगेच ओ देये तो.”